माझी दुखरी टाच

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



मला भाषण करावयाची सवय नाही. मंडळात आजवर माझे काम म्हणजे सतरंज्या अंथरणे, चहाच्या कपांचा हिशेब ठेवणे आणि संक्रांतीला वाणाच्या पिशव्या भरणे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे चिटणीसबाई घरी येऊन म्हणाल्या, "यंदा तुम्ही तुमच्या पळण्यावर बोला," तेव्हा मी सरळ नाही म्हटले. पळण्यावर बोलावयाचे तर जी पळते तिने बोलावे. मी गेली तीन वर्षे पळण्यापेक्षा न पळण्यातच जास्त घालवली आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, "मग न पळण्यावर बोला." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले माकले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर माण तालुक्यातले. पाणी कमी, दगड फार. शाळेत आम्ही मुली खो-खो खेळत असू आणि खुंटापाशी सूर मारण्यात माझा हात कोणी धरत नसे. सातवीनंतरची शाळा लांबच्या गावाला होती, तिथे मुलीला कोण धाडणार? शाळा सुटली, त्याबरोबर खो-खोही सुटला. पुढे लग्न झाले, साताऱ्यात आले, दोन मुले झाली, आणि पळायचे म्हणजे एस.टी. चुकू नये म्हणून किंवा दूध उतू जाऊ नये म्हणून, एवढेच उरले.

२०१६ साली दोन गोष्टी घडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितले की साखर काठावर आली आहे, रोज चाला. आणि त्याच वर्षी आमच्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली. ती दहावी आली. तिनेही सुरुवात खो-खोपासूनच केली होती. दूरदर्शन संचासमोर बसून मी रडले, आणि आमचे हे म्हणाले, "अगं, दहावी आली आहे, रडतेस काय?" त्यांना कसे सांगावे की मी तिच्यासाठी रडत नव्हते!

दुसऱ्या दिवसापासून मी अजिंक्यतारा चढू लागले. सातारकरांना सांगावयास नको, पहाटे त्या वाटेवर अर्धे गाव भेटते. प्रथम चढताना धाप लागे. मग उतरताना दोन पावले पळावेसे वाटू लागले. शेजारच्या ताई, ज्या शिवणकाम करतात, त्याही येऊ लागल्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली आणि मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट, अशा थाटात आम्ही दोघी पळावयास शिकलो. २०१८ मध्ये दोघींनी मिळून यवतेश्वर घाटातली एकवीस किलोमीटरची शर्यत, सातारा हिल हाफ मॅरेथॉन, पुरी केली. पहिल्या वर्षी तीन तासांना थोडी कमी, दुसऱ्या वर्षी पावणेतीनच्या आत. ही काही कौतुक करण्याजोगी वेळ नव्हे, पण ते पदक मी अजून देवघराशेजारच्या खिळ्यावर टांगले आहे.

आता हे पळणे म्हणजे मला काय होते, ते आधी सांगते, नाहीतर पुढचे दुःख आपल्याला पोरकट वाटेल. आमच्या घरात माझे म्हणून एक कपाटसुद्धा नाही. माझी लुगडी सासूबाईंच्या कपाटात आणि माझी कागदपत्रे ह्यांच्या. पण पहाटे पाच ते सहा हा तास माझा होता. त्या तासात मला कोणी हाक मारत नसे. त्या तासात मी कोणाची आई नव्हते, सून नव्हते, कोणाच्या डब्याचा विचार करत नव्हते. श्वास मोजायचा आणि पाऊल टाकायचे. घरी परतल्यावर मग दिवसभर कोणी काहीही बोलले तरी ते अंगाला लागत नसे.

२०२२ च्या पावसाळ्यात टाच दुखू लागली. करोनाच्या काळात आमचे पळणे फार विस्कळीत झाले होते, आणि पुन्हा शर्यत आहे म्हटल्यावर मी हावरटासारखे केले. तीन आठवड्यांत अंतर दुपटीवर नेले. एके दिवशी सकाळी अंथरुणातून उठून मोरीपर्यंत जाताना टाचेच्या मागे, वरच्या बाजूला, कोणी पाचर ठोकावी तसे झाले. पोटरीपासून टाचेपर्यंत मागून जी जाड दोरी येते ना, बोटांच्या चिमटीत धरता येते ती, तिथे. दहा-बारा पावले चालल्यावर दुखणे सैल झाले. पळावयास गेले तर पहिला किलोमीटर दुखले आणि पुढे नाहीसे झाले. हीच त्या दुखण्याची लबाडी आहे. तापल्यावर ते गप्प बसते आणि दुसऱ्या दिवशी व्याजासकट वसूल करते.

मी कोणालाच सांगितले नाही. ह्यांना सांगितले नाही, कारण ते जाऊ देणार नाहीत. ताईंना सांगितले नाही, कारण त्या थांबतील. सप्टेंबरात शर्यत पळले. समर्थ मंदिराच्या पुढे घाट चढू लागतो, तिथपासून प्रत्येक पावलाला दुखत होते, तरी पळले. हा सर्वस्वी माझा मूर्खपणा. त्यानंतर दोन महिने मी जिना खेकड्यासारखा आडवा उतरत होते.

मग सुरू झाले उपचार. एका डॉक्टरांनी सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली आणि वर म्हणाले, "या वयात पळायचं कशाला? घरात कामं काय कमी असतात?" विश्रांती घेतली की दुखणे जाई, पळू लागले की पहिल्याच दिवशी परत येई. असे तीनदा झाले. दुसऱ्या एका ठिकाणी दुखऱ्या जागी सुई देऊ म्हणाले. पैशाची जुळवाजुळव झाली नाही म्हणून राहिले, आणि ते बरेच झाले, कारण त्या दोरीत स्टेरॉइडची सुई दिली तर ती तुटण्याचा धोका असतो, हे मला पुढे समजले. रुईची पाने गरम करून बांधली, तेल चोळले, कोणी सांगितलेला लेप लावला. लेपाने चादर तेवढी पिवळी झाली.

पण टाचेचे सोडा. मला आज सांगावयाचे आहे ते मनाचे.

हाड मोडले असते तर पत्करले असते, असे मला कितीदा वाटले. पायाला प्लॅस्टर असले की माणसे येतात, मोसंबी आणतात, "कसं झालं?" म्हणून विचारतात. माझ्या पायाला काहीच दिसत नव्हते. स्वयंपाक होत होता, बाजार होत होता. ज्या कामाला मी अडत होते ते काम कोणाच्या हिशेबातच नव्हते. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरचे कोपर दुखू लागले आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा टेनिस एल्बो हा शब्द आमच्या पेठेतल्या पोरासोरांच्या तोंडी झाला होता. ते दुखणेही अशाच दोरीचे, फक्त कोपराजवळच्या. त्याचे दुखले तर सारा देश विचारतो, कधी बरे होणार? बाईमाणसाचे दुखले तर विचारतात, मुळात पळावयास कोणी सांगितले होते? आणि खरे सांगू, हा प्रश्न लोकांपेक्षा मीच मला जास्त विचारत होते. लोकांना केवढाली दुखणी असतात. कोणाला कर्करोग आहे, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, आणि मी पळता येत नाही म्हणून रडू? मला लाज वाटे. म्हणून मी रडले नाही. रडले नाही, पण भांडू लागले.

दूध उतू गेले तर मुलीवर ओरडले. डब्यातली भाजी परत आली म्हणून मुलाला दोन दिवस बोलले नाही. पळण्याचे बूट माळ्यावर फेकून दिले. पाच वाजता जाग तर येतच असे. मग अंधारात स्वयंपाकघरात बसून राही आणि बाहेरून ओळखीच्या पावलांचा आवाज आला की कान बंद करावेसे वाटत. भाजी आणावयास मी लांबच्या रस्त्याने जाऊ लागले, कारण जवळच्या रस्त्याने गडावरून परतणाऱ्या बायका भेटत. पळणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून बाहेर पडले. "जरा घरात कामं आहेत," असे कारण सांगितले.

आणि एक गोष्ट केली ती सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. डिसेंबरात शेजारच्या ताई बाहेरगावच्या एका शर्यतीत अडीच तासांच्या आत आल्या. त्या धावत आमच्याकडे आल्या, हातात कंदी पेढ्यांचा पुडा. सगळ्यांत आधी मला सांगावयास आल्या होत्या. मी पुडा घेतला आणि म्हणाले, "पळा, पळा. पाय गेल्यावर कळेल." त्यांचे तोंड एवढेसे झाले. त्या गेल्या. पुडा मी उघडला नाही. फडताळात तसाच राहिला, आणि आठ दिवसांनी त्याला मुंग्या लागलेल्या पाहून मला स्वतःची किळस आली. त्यानंतर कित्येक महिने आम्ही एका भिंतीच्या शेजारणी असून बोललो नाही.

आता वळण कसे लागले ते सांगते. ते दवाखान्यात लागले नाही, लोणंदच्या रस्त्यावर लागले.

माझ्या सासूबाई वारकरी. चौदा वर्षे त्यांनी आळंदी ते पंढरपूर वारी पायी केली. मग गुडघे गेले. आता त्या लोणंदला पालखीत सामील होतात, चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण पाहतात, तरडगावपर्यंत चालतात आणि एस.टी.ने परत येतात. २०२३ च्या जूनमध्ये त्यांच्या सोबतीला कोणी नव्हते म्हणून मी गेले. मी लंगडत होते, त्या काठी टेकत होत्या. सासू-सुनेची जोडी पाहून लोक वाट देत होते. तरडगावला पालखी पुढे मुक्कामाला गेली आणि आम्ही एस.टी.ची वाट पाहत एका पाराशी टेकलो. मी सहज विचारले, "आई, पूर्वी सबंध वारी करत होता, आता एवढीच होते, वाईट नाही वाटत?"

मला वाटले त्या म्हणतील, देवाची इच्छा. त्या म्हणाल्या, "वाटतं की. पहिल्या वर्षी दिंडी म्होरं गेली तवा मी हितंच बसून रडले. लई रडले. घरी येऊन कुनाला बोलले न्हाई, म्हटलं लोक हसतील, म्हातारी चालाया मिळत न्हाई म्हनून रडतीया."

मी म्हटले, "मग?"

"मग दुसऱ्या वर्षी घरातच बसले. त्ये तर लईच वंगाळ. टाळ ऐकू आला तरी पोटात कालवायचं. तिसऱ्या वर्षी म्हटलं, काय व्हईल ते चालू. आता हीच माझी वारी. पर वाईट वाटायचं ते वाटतंच हां. दिंडी पाठमोरी झाली की वाटतंच."

त्यांच्या घरात मला येऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या दोन वर्षांत त्यांना भाकरी मीच वाढत होते, आणि मला याचा पत्ता नव्हता. मी तेव्हा त्यांना "चिडचिडी झाल्या आहेत" असे माहेरी फोनवर सांगत असे! त्या पारावर मला प्रथम रडू फुटले. त्यांनी काही विचारले नाही. पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून अर्धा मला दिला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिने टाच दाबून पाहिली, चवड्यावर उभे राहावयास लावले, आणि मग मला विचारले, "काकू, पळणं थांबल्यामुळे तुमचं काय काय थांबलं?" हा प्रश्न आधी कोणी केला नव्हता. मी तासाचे सांगितले, बुटांचे सांगितले, पेढ्यांचेही सांगितले. तिने ते सगळे लिहून घेतले, जणू काही तेही दुखण्याचेच लक्षण आहे.

मग तिने मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगते. त्या दोरीला अ‍ॅकिलीस टेंडन म्हणतात. अ‍ॅकिलीस हा ग्रीक लोकांच्या पुराणातला वीर. त्याच्या आईने त्याला टाचेला धरून पवित्र नदीत बुडवले, म्हणून सारे अंग अभेद्य झाले आणि टाच तेवढी कच्ची राहिली. (आपल्या श्रीकृष्णालाही व्याधाचा बाण पायालाच लागला, हे मी तिला सांगितले. तिला ते ठाऊक नव्हते.) ही शरीरातली सर्वांत बळकट दोरी, पळताना तिच्यावर आपल्या वजनाच्या कित्येक पट ओझे येते. पण तिला रक्तपुरवठा थोडा, म्हणून ती भरून येण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. वय वाढले, साखर वाढली, की आणखी वेळ लागतो. नुसत्या विश्रांतीने दुखणे निजते, पण दोरी आणखी अशक्त होते, म्हणूनच माझे तीनदा तसे झाले. तिला बळ आणावयाचे तर हळूहळू ओझे द्यावे लागते. आणि दुखले म्हणजे दर वेळी आत काही फाटलेच असे नसते. हे शेवटचे वाक्य मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. कारण वर्षभर प्रत्येक कळेला मला वाटत होते, तुटली, आता तुटली.

तिने एका स्वीडिश डॉक्टरांची हकीकत सांगितली. हाकन आल्फ्रेडसन त्यांचे नाव. त्यांची स्वतःचीच टाच अशी दुखत असे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहावयाचे, दोन्ही पायांवर वर उचलावयाचे आणि दुखऱ्या पायावर हळूहळू टाच खाली न्यावयाची, हा व्यायाम त्यांनी पुढे पंधरा हौशी खेळाडूंना बारा आठवडे दिला आणि १९९८ मध्ये त्याचा निष्कर्ष छापला. त्या खेळाडूंचे सरासरी वय चव्वेचाळीस होते. हे ऐकून मला केवढा धीर आला! म्हणजे माझ्या वयाची, माझ्याच दुखण्याची माणसे परदेशातही होती, आणि "या वयात कशाला?" असे न विचारता कोणी त्यांचा विचार केला होता. ते सारे खेळाडू पुन्हा पळू लागले. सगळ्यांनाच असा गुण येतो असे नाही, हेही त्या मुलीने लपवले नाही.

व्यायाम असा: गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधराचे तीन वेळा, गुडघा किंचित वाकवून तसेच तीन वेळा, आणि हे सकाळ-संध्याकाळ. मी हिशेबाला पक्की आहे. दिवसाचे १८० झाले, बारा आठवड्यांचे पंधरा हजारांच्या वर. आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी ते केले, कठड्याला धरून, गॅसवर चहाचे आधण ठेवून. मात्र माझे ऐकून कोणी उद्याच पायरीवर उभे राहू नये. दुखणे टाचेच्या हाडाशी अगदी खाली असेल तर टाच पायरीखाली न्यावयाची नसते. आणि पोटरीत फाटकन आवाज होऊन चवड्यावर उभेच राहता येईना, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. ते दुखणे निराळे.

तिने मला आणखी एक काम दिले. रोज सकाळी पहिल्या पावलाला किती दुखले त्याला दहापैकी गुण द्यावयाचे आणि लिहून ठेवावयाचे. काम करताना चारपर्यंत दुखले तरी चालेल. दुसऱ्या सकाळी आकडा वाढलेला नसला म्हणजे झाले. वाढला तर एक पायरी मागे. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने घेतली. पुढून दूध, मागून टाच.

या वहीने माझे डोळे उघडले. मी सगळ्यांना सांगत होते की रोजच ठणकते. महिनाअखेर बेरीज केली तर तीस दिवसांपैकी अकरा दिवस आकडा दोन होता! ते अकरा दिवस माझ्या लेखी कुठे गेले होते? आणि एकदा आकडा एकदम सहा झाला. आदल्या दिवशी व्यायाम नव्हता, चालणे नव्हते, काहीच नव्हते. होते ते माहेरच्या जमिनीवरून भावाशी झालेले भांडण आणि रात्रभराचे जागरण. मी त्या मुलीला विचारले, "मनातलं टाचेत कसं उतरेल?" ती म्हणाली, "दुखणं टाचेतच आहे काकू, पण त्याचा आवाज लहान-मोठा करणारी कळ डोक्यात असते. झोप नसली की तो आवाज मोठा होतो." तेव्हापासून आकड्याशेजारी मी झोपेचे तासही लिहू लागले, आणि कोणाशी भांडण झाले असेल तर एक बारीक फुली. माझ्या वहीत फुल्या पुष्कळ आहेत.

पाचाचा तास सोडू नका, असेही ती म्हणाली. पळता येत नाही तर त्या तासात दुसरे काही करा, पण तो घराला परत देऊ नका. मी मुलाची सायकल काढली. पंचवीस वर्षांनी बसले. पहिल्याच दिवशी दूधवाल्याच्या किटल्यांवर जाऊन आदळले. ती हकीकत पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा विस्तार करत नाही.

त्या सप्टेंबरात शर्यत आली. मी घरात दार लावून बसणार होते. आमचे हे म्हणाले, "पाणी द्यायला माणसं लागतात, जातेस का?" मला राग आला. मग लोणंदचा रस्ता आठवला आणि गेले. घाटात पाऊस लागला होता. टेबलावर पेले मांडून आम्ही सात-आठजण उभे होतो. पुढची जलद मुले गेली तोवर ठीक होते. मग आमच्यासारख्यांची रांग आली. मध्यमवयीन, दमलेली, कोणाच्या गुडघ्याला पट्टा, कोणाच्या पोटरीला चिकटपट्ट्या. चार वर्षे मी त्यांच्यामधून पळत होते आणि मला एकही पट्टा दिसला नव्हता. एक साठीचे गृहस्थ तर उलटे चालत घाट उतरत होते. म्हणाले, "सरळ उतरलं की गुडघा शिव्या देतो."

आणि मग ताई आल्या. मी पेला पुढे केला. त्या थांबल्या. ज्यांच्याजवळ सेकंदासेकंदाचा हिशेब असतो, त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, ओल्या हाताने माझा हात दाबला आणि काही न बोलता पुढे गेल्या. मला त्या वेळी "चुकले" म्हणावयाचे होते. तोंडातून शब्द फुटला नाही. त्यानंतर आमचे बोलणे पूर्वीसारखे सुरू झाले, वाटीभर साखर इकडून तिकडे जाऊ लागली, आणि तो शब्द राहूनच गेला. ताई, तुम्ही तिसऱ्या ओळीत बसला आहात. मी चुकले. त्या पेढ्यांचे मला आजही वाईट वाटते.

आता पुढचे थोडक्यात. बारा आठवड्यांनी मी पूर्ण बरी झाले असे आपल्याला वाटेल, तर तसे झाले नाही. सकाळचा आकडा सहावरून तीनवर आला. सपाटीवर एक मिनिट पळणे, दोन मिनिटे चालणे, असे सुरू केले. डिसेंबरात लग्नसराई होती. दिवस-दिवस उभे राहणे झाले आणि दुखणे पुन्हा उसळले. पूर्वी मी म्हटले असते, सगळे पाण्यात गेले. या वेळी वही उघडली, मागच्या उसळीला किती दिवस लागले होते ते पाहिले. एकोणीस. म्हणून एकोणीस दिवस धीर धरला. सोळाव्या दिवशी आकडा खाली आला. आता आठवड्यातून तीनदा मी सपाटीवर पाच किलोमीटर पळते आणि अजिंक्यतारा चालत चढते. एकवीस किलोमीटर पुन्हा होईल की नाही ठाऊक नाही. ती मुलगी म्हणते, होईलही. सासूबाई म्हणतात, "झाली तर झाली."

मनाची समजूत पटली आहे का, असे कोणी विचारले तर खरे उत्तर असे की काही दिवस पटते आणि काही दिवस नाही. ताई घाटातून भिजून येतात, त्यांच्या अंगाला त्या रस्त्याचा वास असतो, तेव्हा पोटात कालवतेच. फरक एवढाच पडला आहे की आता मी ते त्यांना तोंडावर सांगते, "ताई, आज मला तुमचा हेवा वाटतो." त्या म्हणतात, "वहिनी, वाटू द्या, चहा टाका."

हे भाषण ठरल्यापासून मंडळातल्या चौघीजणी मला वेगवेगळ्या गाठून हळूच बोलल्या आहेत. एकीचा खांदा, दोघींचे गुडघे, आणि एकीची माझ्यासारखीच टाच. मंगळागौरीच्या संघातून एकीने "वेळ नाही" म्हणून नाव काढून घेतले होते, त्याचे खरे कारण मला आता समजले. नावे सांगत नाही. पण त्या चौघींना एकमेकींची गोष्ट ठाऊक नाही, एवढे मात्र सांगते.

माझी वही मी बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी ती पेल्यांच्या टेबलावर ठेवीन. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पाहावी. मागच्या बाजूने उघडावी; पुढून उघडली तर आमच्याकडे दूध किती येते ते कळेल. मधली दोन पाने चहा सांडून खराब झाली आहेत, ती डिसेंबरातली आहेत.